शाळेतला इतिहास आणि त्यावरची भांडणं: पालकांचे नेहमीचे प्रश्न

मी पुण्यातल्या एका मराठी शाळेत २२ वर्षं इतिहास शिकवते. पालकसभेला गणिताच्या बाईंपुढे रांग लागते, माझ्यापुढची खुर्ची बहुतेक रिकामीच. मात्र पेपरात पाठ्यपुस्तकाच्या वादाची बातमी आली की सकाळी शाळेच्या फाटकापाशीच कुणीतरी गाठतं, 'बाई, हे काय चाललंय?' विचारणारे सगळ्या विचारांचे असतात, प्रश्न मात्र तेच ते. म्हणून एकदाची उत्तरं लिहून काढली. काही लांबलीत, काही एका ओळीत आटोपलीत. जिथे माझं मत आहे तिथे ते मत म्हणूनच वाचा.

इतिहासाचं पुस्तक ठरवतं तरी कोण?

मूल राज्य मंडळाच्या शाळेत असेल तर उत्तर पुण्यातच आहे, फक्त ते तीन पत्त्यांवर वाटलेलं आहे. काय शिकवायचं याचा आराखडा कुमठेकर रस्त्यावरची राज्य शैक्षणिक संशोधन व प्रशिक्षण परिषद करते. पुस्तक लिहवून, तपासून, छापून घेते ती सेनापती बापट रस्त्यावरची बालभारती. ती २७ जानेवारी १९६७ ला स्थापन झाली. दहावी-बारावीची परीक्षा घेतं ते शिवाजीनगरचं बोर्ड. बालभारतीत प्रत्येक विषयाची समिती असते, तीत प्राध्यापक असतात आणि शाळांमधले शिक्षकही असतात. मसुदा तयार झाला की तो शिक्षकांकडून वाचून घेतात. या वाचनात कोणी फार खोलात जातं असं नाही, पण 'हे वाक्य आठवीच्या मुलाला कळणार नाही' एवढं सांगायची सोय असते.

मूल सीबीएसईत असेल तर पुस्तक दिल्लीहून येतं, एनसीईआरटीचं. केंद्र सरकारची ही संस्था १९६१ ची. शिक्षण आधी राज्यांच्या यादीत होतं. १९७६ च्या ४२ व्या घटनादुरुस्तीनं ते समवर्ती, म्हणजे केंद्र आणि राज्य दोघांच्या सूचीत गेलं. म्हणजे एकाच सोसायटीतली, एकाच बसथांब्यावर उभी राहणारी दोन मुलं दोन सरकारांचा इतिहास वाचतात, आणि त्यांच्या आईबाबांना दोन्हींवर भांडायची मुभा आहे.

मग यात राजकारण शिरतं कुठून?

समिती सरकार नेमतं, तिथून. त्यात गूढ काही नाही.

१९७७ ला जनता पक्षाचं सरकार आलं आणि पुढच्याच वर्षी रामशरण शर्मांचं प्राचीन भारतावरचं पुस्तक अभ्यासक्रमातून काढलं गेलं. वाजपेयी सरकारच्या काळात २००० ला नवा आराखडा आला, तो सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला, २००२ ला न्यायालयानं तो ग्राह्य धरला आणि नवी पुस्तकं निघाली. २००४ ला सरकार बदललं, २००५ ला पुन्हा नवा आराखडा, पुन्हा नवी पुस्तकं. २०२० ला नवं शैक्षणिक धोरण, २०२३ ला शालेय आराखडा, आणि आता त्यावर बेतलेली पुस्तकं एकेका इयत्तेला येत आहेत. दिल्लीत सत्ता पालटली की काही वर्षांत सातवीचं पुस्तक पालटतं, असा हा हिशेब आहे.

यातले बहुतेक वाद खरं की खोटं यावर नसतात. आठवड्याला दोन-तीन तासिका आणि मोजकी पानं असताना कोणाला जागा द्यायची आणि कोणाला एका ओळीत उरकायचं, यावर ते असतात. अशोकाला दोन पानं दिली की सातवाहनांची दोन पानं जातात. टीव्हीवरच्या चर्चेत हे कोणी सांगत नाही, कारण पानांचा हिशेब ऐकायला कोण थांबणार?

पूर्वीची पुस्तकं तरी तटस्थ होती ना?

हा प्रश्न विचारताना आजोबांच्या आवाजात फार विश्वास असतो. दुखवायचं जिवावर येतं, पण नव्हती.

मराठी शाळांतला छापील इतिहास सुरूच झाला तो एका इंग्रज अधिकाऱ्याच्या नजरेतून. ग्रँट डफ साताऱ्याला रेसिडेंट, म्हणजे कंपनी सरकारचा प्रतिनिधी होता. त्याचा मराठ्यांचा इतिहास १८२६ ला निघाला, कॅप्टन डेव्हिड केपननं तो मराठीत आणला, आणि आपली मुलं आपल्याच पूर्वजांना जेत्याच्या शब्दांत ओळखू लागली. १८६० च्या दशकात नीळकंठ जनार्दन कीर्तने या पुण्यात शिकणाऱ्या तरुणानं डफची साधनं तपासून त्याच्या चुका दाखवल्या. कॉलेजात शिकणारं पोर उठून साहेबाला 'हे कशावरून?' विचारतं, याचं मला आजही अप्रूप वाटतं. पुढे वि. का. राजवाडे गावोगाव हिंडून दप्तरं गोळा करत राहिले आणि १९१० ला भारत इतिहास संशोधक मंडळ उभं राहिलं, त्या वाटेवरचं पहिलं पाऊल कीर्तन्यांचं.

त्याच सुमाराला दुसराही प्रवाह होता. १८६९ ला महात्मा फुल्यांनी शिवाजी महाराजांवर पोवाडा रचला, त्यात महाराज कुळवाडीभूषण आहेत, शेतकऱ्यांचे राजे. १८९६ ला टिळकांनी रायगडावर उत्सव भरवला, तिथे महाराज राष्ट्राच्या स्वाभिमानाचं प्रतीक झाले. गंज पेठेतला फुलेवाडा आणि नारायण पेठेतला गायकवाड वाडा यांच्यात चालत अर्ध्या तासाचं अंतर असेल. आज पाठ्यपुस्तकांवरून होणारे निम्मे मराठी वाद या अर्ध्या तासातच घुटमळतात.

सीबीएसईच्या मुलांना महाराजांचा इतिहास इतका कमी का?

राज्य मंडळात चौथीचं अख्खं वर्ष शिवाजी महाराजांचं असतं. सत्तरच्या दशकापासून मराठी मुलांच्या पिढ्या त्यावर वाढल्या. त्यामुळे एनसीईआरटीचं सातवीचं जुनं पुस्तक उघडल्यावर धक्का बसणारच. त्यात मराठे शेवटच्या प्रकरणात, अठराव्या शतकातल्या इतर सत्तांच्या पंगतीत बसवलेले होते.

तक्रार खोटी नाही. पण हेच पुस्तक गुवाहाटीला आणि मदुराईलाही जातं. आसामात अहोमांबद्दल हीच ओरड आहे, तमिळनाडूत चोळांबद्दल.

२०२५ च्या आठवीच्या नव्या पुस्तकात मात्र मराठ्यांच्या उदयावर स्वतंत्र प्रकरण आलं, आणि त्यातल्या नकाशावरून लगेच दुसरा वाद पेटला. १७५९ च्या मराठा साम्राज्यात जैसलमेर रंगवलेलं होतं आणि राजस्थानातून त्याला कडाडून विरोध झाला. ऑगस्टमध्ये एनसीईआरटीला तज्ज्ञांची समिती नेमावी लागली. जागा कमी मिळाली म्हणून आपण चिडलो होतो, आणि ती वाढली तशी ते चिडले.

त्या आठवड्यात मी तो नकाशा फळ्यावर लावला. मुलांना विचारलं, एखादा प्रदेश 'आपल्या राज्यात' आहे म्हणजे नेमकं काय? पुणे प्रांतात पेशव्यांचा मामलेदार बसतो, वसूल जमा करतो, तंटे सोडवतो. दुसरीकडे राजा तिथलाच, सैन्य त्याचं, फक्त महसुलाचा चौथा हिस्सा चौथाई म्हणून आणि वर दहावा हिस्सा सरदेशमुखी म्हणून मराठ्यांना द्यायचा. तिसरीकडे तेही नाही, एकदा स्वारी झाली, खंडणी घेतली, परत आले. नकाशात रंग एकच. एका मुलानं विचारलं, 'मग तीन छटा का नाही वापरल्या?' दिल्लीतल्या समितीला हे सुचलं असतं तर बरं झालं असतं, पण आठवीच्या मुलाला सुचलं हेही नसे थोडके.

मुघल पुस्तकातून काढून टाकले, हे खरं आहे का?

काढले, कमी केले आणि हलवले, हे तीन वेगळे प्रकार आहेत. बातमीत तिन्हींना 'काढले'च म्हणतात.

राज्याच्या सातवीच्या पुस्तकात २०१७ ला मुघलांची जागा आक्रसली आणि मराठेशाही केंद्रस्थानी आली. एनसीईआरटीनं २०२२ ला कोविडनंतर अभ्यासाचा भार हलका करायचा म्हणून जे पाठ वगळले, त्यात बारावीचं मुघल दरबारावरचं प्रकरण गेलं. २०२५ च्या सातवीच्या नव्या पुस्तकात दिल्लीची सुलतानशाही आणि मुघल नाहीत, पण ते आठवीत आहेत, बाबराच्या क्रौर्यावर आणि मंदिरांच्या विध्वंसावर जोर देऊन. सोबत एक टीपही आहे, की भूतकाळातल्या कृत्यांसाठी आजच्या कोणाला जबाबदार धरू नये.

जुन्या पुस्तकांत दिल्लीच्या तख्ताचंच कौतुक होतं आणि सातवाहन, चालुक्य, यादव घाईघाईत उरकले जायचे, ही तक्रार मला पटते. नाणेघाटातला सातवाहनांचा शिलालेख जुन्नरजवळ, आणि आमच्या मुलांना तो माहीत नाही, हे बरोबर नव्हतं. पण मुघल पुसट करून मराठे शिकवायला घ्या, तिसऱ्या तासाला अडचण येते. शाइस्तेखान १६६३ ला लाल महालात का मुक्काम ठोकून होता? तो औरंगजेबाचा मामा आणि दख्खनचा सुभेदार. पुरंदरच्या तहात १६६५ ला २३ किल्ले दिले ते कोणाला? पुढच्या वर्षी आग्र्याला का जावं लागलं? औरंगजेब आयुष्याची शेवटची पंचवीस वर्षं दख्खनेत झुंजत राहून १७०७ ला अहमदनगरला का मेला? शत्रू केवढा होता हे कळल्याशिवाय लढाई केवढी होती हे कसं कळणार? शत्रूचा महसूल, त्याची मनसबदारी, त्याचा तोफखाना, हे शिकवणं म्हणजे त्याची आरती ओवाळणं नव्हे.

आमच्या वेळी दादोजी कोंडदेव महाराजांचे गुरू होते. आता का नाहीत?

हा प्रश्न पुण्यात दबक्या आवाजात विचारतात, आणि विचारणाऱ्याचं आडनाव ऐकून उत्तर देणाऱ्याचा चेहरा बदलतो. म्हणून जरा सविस्तर.

दादोजी होते, यावर वाद नाही. ते कोंढाण्याचे सुभेदार होते आणि शहाजीराजांच्या पुण्याच्या जहागिरीचा कारभार पाहत होते, हे समकालीन कागदांत दिसतं. वाद आहे तो 'गुरू' या शब्दावर. महाराजांना त्यांनी शिक्षण दिलं, घडवलं, हे नंतरच्या बखरींतून मोठं होत गेलं. ब्राह्मण गुरूशिवाय महाराज घडले नसते असं सुचवणारी ही मांडणी आहे, असा आक्षेप मराठा आणि बहुजन संघटनांनी घेतला, आणि जिजाऊंचं श्रेय झाकलं जातं असाही. २७ डिसेंबर २०१० च्या पहाटे महापालिकेनं लाल महालातल्या शिल्पातून दादोजींचा पुतळा हलवला. शहरात त्यावरून आंदोलनं झाली. चौथीच्या पुस्तकातलं दादोजींचं वर्णनही बदललं.

पुरावा तपासून 'गुरू' हा शब्द काढला असेल तर माझी तक्रार नाही. पुरावा जेवढा बोलतो तेवढंच पुस्तकानं बोलावं. माझी अडचण वेगळी आहे. शब्द का काढला, ते पुस्तकात कुठेच आलं नाही. मुलाला आधी एक गोष्ट सांगितली, मग दुसरी, आणि मधली सगळी चर्चा, कागद, बखरींची कालानुक्रमे छाननी, हे झाकून ठेवलं. मुलानं त्यातून काय घ्यायचं? ज्याचा जोर त्याचा इतिहास, एवढंच ना?

या शहरात असे प्रसंग कमी नाहीत. ५ जानेवारी २००४ ला भांडारकर प्राच्यविद्या संस्थेवर हल्ला झाला, जेम्स लेनच्या शिवाजी महाराजांवरच्या पुस्तकावरून. ३ जानेवारी २०१७ च्या पहाटे संभाजी उद्यानातून नाटककार राम गणेश गडकऱ्यांचा पुतळा उचलून मुठेत टाकला, त्यांच्या नाटकातल्या संभाजी महाराजांच्या चित्रणावरून. हे शाळेबाहेर घडतं, पण दुसऱ्या दिवशी सकाळच्या पहिल्या तासाला वर्गात येऊन बसतं.

म्हणजे इतिहास बदलतो? तो तर घडून गेलेला असतो!

घडून गेलेलं बदलत नाही, आपल्याला कळलेलं बदलतं. उत्तम उदाहरण शिवजयंतीचंच.

माझ्या आजीच्या लहानपणी महाराजांचा जन्म १६२७ चा, वैशाखातला मानायचे. तो बखरींवरून. मग कारीच्या जेधे देशमुखांकडची शकावली, म्हणजे सालवार नोंदींची यादी, टिळकांच्या हाती आली, १९१६ ला ती छापली गेली. तीत फाल्गुन वद्य तृतीया, शके १५५१ अशी नोंद. कवींद्र परमानंदाच्या संस्कृत काव्याची तंजावरची पोथी १९२० च्या दशकात छापून आली, तीतही तीच तिथी. परमानंद महाराजांच्याच काळातला, त्यामुळे त्याच्या साक्षीला वजन. १९६६ ला सरकारनं इतिहासकारांची समिती नेमली, तिचं एकमत झालं नाही. अखेर २००१ ला राज्यानं १९ फेब्रुवारी १६३० ही तारीख अधिकृत केली. तरीही काही जण तिथीनं जयंती करतात, आणि गणेशोत्सवासारखीच यातही दोन मंडळांची स्पर्धा होते ते सोडा.

यात कोणी महाराजांचा अपमान केला नाही, पुतळा हलवला नाही. कागद सापडले, त्यांची तुलना झाली, जुनं मत मागे पडलं. आणखी एक उदाहरण संभाजी महाराजांचं. मल्हार रामराव चिटणिसांच्या बखरीवरून नाटकांनी त्यांना व्यसनी, उच्छृंखल रंगवलं होतं. ती बखर त्यांच्या मृत्यूनंतर शंभराहून जास्त वर्षांनी लिहिलेली. वा. सी. बेंद्र्यांनी चाळीसएक वर्षं साधनं धुंडाळून १९६० ला चरित्र लिहिलं, तेव्हा चित्र पालटलं.

कुर्बान हुसेन प्रकरण काय होतं?

जुलै २०२० ला आठवीच्या मराठीच्या पुस्तकावरून झालेला वाद. इतिहासाच्या नव्हे, मराठीच्या. यदुनाथ थत्त्यांच्या जुन्या लेखातून घेतलेल्या धड्यात भगतसिंग, राजगुरू यांच्याबरोबर कुर्बान हुसेन यांचं नाव होतं, आणि 'सुखदेव गाळून मुसलमान घुसवला' म्हणून गदारोळ झाला. भगतसिंग-राजगुरू म्हटलं की ओठांवर सुखदेवच येतं, त्यामुळे दचकायला होणं मी समजू शकते.

पण कुर्बान हुसेन हे सोलापूरचे हुतात्मा. १९३० च्या सोलापूरच्या लष्करी कायद्यानंतर मल्लप्पा धनशेट्टी, श्रीकृष्ण सारडा, जगन्नाथ शिंदे आणि कुर्बान हुसेन या चौघांना १२ जानेवारी १९३१ ला फाशी झाली. कुठे? येरवड्याच्या तुरुंगात. म्हणजे आपल्याच शहरात. भगतसिंग, राजगुरू, सुखदेव लाहोरला फासावर गेले ते त्यानंतर सत्तर दिवसांनी. त्या आठवड्यात मी स्टाफरूममध्ये विचारलं, या चौघांची नावं कोणाला येतात? आम्ही सात जण होतो. मलाही तीनच आली.

व्यंगचित्राचा वाद आणि 'पुण्याचा ब्राह्मण' हा वाद, दोन्हींत पुणं कसं?

पहिला २०१२ चा. एनसीईआरटीच्या अकरावीच्या राज्यशास्त्राच्या पुस्तकात शंकर यांचं १९४९ चं व्यंगचित्र होतं. संविधानाची गोगलगाय, तीवर स्वार डॉ. आंबेडकर, मागे चाबूक घेतलेले नेहरू. पुस्तक २००६ पासून वर्गांत होतं, संसदेत वादळ उठलं सहा वर्षांनी. पुस्तकाचे सल्लागार योगेंद्र यादव आणि सुहास पळशीकर यांनी राजीनामे दिले, आणि दुसऱ्याच दिवशी पुणे विद्यापीठात पळशीकरांच्या कार्यालयाची तोडफोड झाली. २०२३ ला याच दोघांनी उलट्या कारणासाठी पत्र लिहिलं. पुस्तकांतून एवढं गाळलंय की आमची नावंही काढा, म्हणाले. पहिल्या वेळी काँग्रेसचं सरकार होतं, दुसऱ्या वेळी भाजपचं.

दुसरा २०२३ चा. बारावीच्या इतिहासात गांधीजींच्या खुन्याची ओळख 'पुण्याचा ब्राह्मण' आणि एका जहाल हिंदुत्ववादी वृत्तपत्राचा संपादक अशी होती. ती गाळली गेली. यावर आमच्या वर्गातल्या दोन घरांतून दोन टोकांचे फोन आले. एक म्हणाले, सत्य लपवलं. दुसरे म्हणाले, खुन्याची जात लिहायचं कारणच काय, १९४८ ला आमच्या आजोबांचं घर जाळलं होतं याच कारणावरून. दोन्हीही ऐकून घ्यावेत असेच. मला वाटतं, जात गाळली याचं एक वेळ समर्थन करता येईल, पण तो वृत्तपत्राचा संपादक होता आणि कोणत्या विचारानं झपाटलेला होता, हे गाळलं की खून निव्वळ माथेफिरूचा होतो. आणि गांधीहत्या शिकवायची तर नंतरची जाळपोळही शिकवावी. ती आमच्या पुस्तकांत कधी नीट आलीच नाही.

भीमा कोरेगावबद्दल वर्गात बोलता का?

बोलते. २०१८ च्या हिंसाचारानंतर काही दिवस धीर झाला नव्हता, हे कबूल करते. आता थेट स्तंभापासून सुरुवात करते. १ जानेवारी १८१८ ची लढाई, एका बाजूला कंपनी सरकारची तुकडी, दुसऱ्या बाजूला दुसऱ्या बाजीरावाची फौज. स्तंभावर कोरलेल्या ४९ नावांपैकी २२ नावांच्या शेवटी 'नाक' आहे, म्हणजे ते महार शिपाई. इंग्रजांनी तो स्तंभ स्वतःच्या पराक्रमासाठी उभारला. १ जानेवारी १९२७ ला डॉ. आंबेडकर तिथे गेले आणि त्याच दगडाचा अर्थ बदलला. पेशवाईतली अस्पृश्यता ज्यांनी भोगली त्यांच्या वंशजांना तिथे अभिमान का वाटतो, हे मुलांना चटकन कळतं. पेशव्यांच्या फौजेत अरबही होते, हे ऐकून ती चक्रावतात. मग वर्गात जी चर्चा होते ती टीव्हीपेक्षा पुष्कळ सभ्य असते.

शिक्षकानं स्वतःचं मत सांगावं का?

विचारलं तर सांगावं, 'हे माझं मत' असं म्हणून. गुण मात्र त्या मतावर देऊ नयेत.

मुलगा सिनेमा आणि रील बघून येतो आणि पुस्तक खोटं म्हणतो. काय करू?

चिडू नका. निदान इतिहासावरून चिडलाय, हे चांगलं लक्षण आहे. त्याला रविवारी सिंहगडावर न्या. पिठलं-भाकरी, दही झालं की तानाजींच्या समाधीपाशी बसून दोन गोष्टी सांगा. घोरपडीला दोर बांधून कडा चढले, ही कथा पोवाड्यातली, समकालीन कागदात तिचा मागमूस नाही. आणि तानाजी पडले म्हणून कोंढाण्याचा सिंहगड झाला असं आपण म्हणतो, पण १६७० च्या आधीच्या पत्रांतही गडाचं नाव 'सिंहगड' असं सापडतं. तो म्हणेल, मग तानाजी खोटे? अजिबात नाही. ४ फेब्रुवारी १६७० ची ती रात्र खरी, तो कडा खरा, तो माणूस खरा. घोरपड काढून टाका, आणि माणसांनी अंधारात हातापायांनी तो कडा चढला असा विचार करा. माझ्या अनुभवानं मुलं इथे गप्प होऊन खाली बघतात.

रीलसाठी वेगळा उपाय नाही. 'हे कोणी लिहिलंय, घटनेनंतर किती वर्षांनी?' एवढं विचारायची सवय लावा. सभासदाची बखर महाराजांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी जिंजीला लिहिली गेली, चिटणिसांची त्यानंतरही शतकभरानं. रील काल रात्री.

असे वाद फक्त आपल्याकडेच होतात का?

नाही. जपानमध्ये साबुरो इएनागा या इतिहासकारानं पाठ्यपुस्तकातल्या सरकारी काटछाटीविरुद्ध १९६५ ला पहिला दावा लावला, शेवटच्याचा निकाल लागला १९९७ ला. उलट फ्रान्स आणि जर्मनी, एकमेकांची लाखो माणसं मारलेले देश, त्यांनी २००६ ला इतिहासाचं सामाईक पुस्तक काढलं.

पुस्तकात चूक दिसली तर तक्रार कुठे करायची?

राज्याच्या पुस्तकासाठी बालभारतीकडे लेखी. इयत्ता, विषय, आवृत्तीचं वर्ष, पान, वाक्य, आणि चूक का वाटते त्याचा आधार, एवढं लिहा. पानाचा फोटो समाजमाध्यमावर टाकण्याआधी अख्खा धडा वाचा. पुस्तकं ई-बालभारतीवर फुकट मिळतात, तेव्हा 'पुस्तक हाती नाही' ही सबब नाही. आणि चूक वेगळी, न आवडणं वेगळं. माझ्याकडे येणाऱ्या दहातल्या आठ तक्रारी दुसऱ्या प्रकारच्या असतात.

पुण्यात मुलांना पुरावे बघायला कुठे नेता येईल?

सदाशिव पेठेत भारत इतिहास संशोधक मंडळ, विधान भवनाजवळ पुराभिलेखागार. तिथे पेशवे दप्तराचे हजारो रुमाल आहेत. रुमाल म्हणजे कापडात बांधलेलं कागदांचं गाठोडं. आधी चौकशी करून जा, सहलीसारखी तीस मुलं घेऊन धडकू नका. मोडीचे वर्ग पुण्यात अधूनमधून भरतात, आठवी-नववीची मुलं महिन्याभरात अक्षरं ओळखू लागतात. आगाखान पॅलेस, जंगली महाराज रस्त्यावरचं पाताळेश्वर, बाजीराव रस्त्याजवळचं केळकर संग्रहालय ही तर हाताशीच. भिडेवाडा, जिथे १८४८ ला मुलींची शाळा भरली, तो डिसेंबर २०२३ ला स्मारकासाठी पाडला. आम्ही दरवर्षी तिथे जायचो. मोडकळीला आलेला तो वाडा बघून मुली जेवढ्या हळहळायच्या, तेवढं माझ्या एकाही तासाला झालं नाही.

हे सगळं ठीक, पण परीक्षेत लिहायचं काय?

पुस्तकातलं. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचा पेपर ४० गुणांचा, तिथे क्रांती करायची जागा नाही. गंमत अशी की दहावीच्या पुस्तकाचे पहिले दोन धडे इतिहासलेखनाच्या परंपरेवर आहेत. साधनांची चिकित्सा कशी करावी, फ्रेंच विचारवंत फुको काय म्हणाला, सगळं आहे त्यात. आणि मुलं ते 'चुकीची जोडी ओळखा' यासाठी पाठ करतात.

मागच्या वर्षी माझ्या घटक चाचणीत प्रश्न होता, 'कोंढाण्याला सिंहगड का म्हणतात?' दोन गुण. एका मुलीनं तानाजींची नेहमीची कथा लिहिली, आणि खाली कंसात: 'पण हे नाव आधीच्या पत्रांत आहे, म्हणून हे कारण नसावं.' तिची आई भेटायला आली. म्हणाली, 'बाई, कंसातलं चूक म्हणून कापून टाका ना, बोर्डात असं लिहायची सवय लागेल.' मी दोन्ही गुण दिले होते. उत्तरपत्रिका परत देताना कंसाला हात लावला नाही. आई अजून नाराज आहेत, आणि मुलगी आता मोडी शिकायचं म्हणतेय.